बाईंनी न वाचलेली पुस्तिका

"हात बाजूला ठेवा. आधी मी वाचते, मग तुम्ही पाना उचला."

फिटरांच्या घरात नवी वस्तू आली, की खोक्यावरची चिकटपट्टी निघायच्या आत हे वाक्य ठरलेलं. खोकं उघडायचे फिटर, पण आतली पुस्तिका जायची बाईंच्या मांडीवर. मग बाई स्टुलावर बसून, चष्मा नाकावर सारखा करून, तिच्यातल्या नाना भाषांच्या गर्दीतून आपली भाषा हुडकून काढायच्या आणि वाचायला लागायच्या. त्या वाचतील तसे फिटरांचे हात चालायचे. मिक्सर असाच बसला, कपडे धुण्याचं यंत्र असंच बसलं, छताचा पंखा असाच चढला.

फिटरांना वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. उभा जन्म त्यांनी पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात घालवला होता, आणि त्या कामात अक्षरओळख लागतेच. पण त्यांचे हात कायम ग्रीसचे. लग्नाच्या नव्या नवलाईत एकदा त्यांनी शिलाई यंत्राच्या पुस्तिकेचं पान स्वतः उलटलं, तर त्यावर त्यांचा अंगठा उमटला तो कायमचाच. बालवर्गाला शिकवणाऱ्या बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, छापलेला कागद आहे तो, तुमचं फडकं नव्हे." त्या दिवशी जी वाटणी झाली ती झालीच. अक्षरं बाईंची, पाना-पक्कड फिटरांची.

बाईंचा एक नेम होता. पहाटे अंघोळ झाली, की प्रार्थनेच्या पोथीतला एक अध्याय मोठ्यानं वाचल्याशिवाय त्या तोंडात पाणी घेत नसत. ताप असो, प्रवास असो, नेम चुकला नाही. घाई नाही, गाळणं नाही, एकेक अक्षर सुटं करून समोर ठेवल्यासारखं ते वाचन असे. आणि गंमत अशी, की यंत्रांच्या पुस्तिकाही त्या अगदी त्याच सुरात वाचायच्या.

"तुझ्या देवाला आणि वॉशिंग मशीनला चाल एकच गं," फिटर पाठमोरेच चेष्टा करायचे.

"दोघांचंही नीट ऐकलं नाही, तर घर बुडतं," बाई पान उलटत म्हणायच्या. "'सदर उपकरण समपातळीवर ठेवावे.' ऐकलंत का? सदर म्हणे! कोर्टात बोलावल्यासारखं सदर. कळलं? आता करा."

"कळलं? आता करा," हे प्रत्येक परिच्छेदानंतर यायचंच. ते कानावर पडल्याशिवाय फिटरांचा हात पुढं सरकत नसे. शेजारपाजारचे हसायचे. पण त्या घरात बसवलेली एकही वस्तू कधी पुन्हा खोलावी लागली नाही, हेही शेजारपाजारचेच सांगायचे.

बाई गेल्या, त्याला अजून वर्ष झालं नव्हतं.

दुखणं लांबलं होतं. लेकीला दिवस गेल्याची बातमी आली, तेव्हा बाईंनी अंथरूण धरलेलं होतं. बातमी ऐकून त्या खूप वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावई तर बोटीवर. लेकीला आणि बाळाला दवाखान्यातून घरी आणणार ते तुम्हीच."

"आपण दोघं जाऊ की."

"ऐकून तर घ्या. गाडीत बाळाची सीट लागेल. मी मागवून ठेवते. पण तिला वाचल्याशिवाय हात लावायचा नाही. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. अंदाजपंचे काम नको. लहान जीव आहे तो."

"मग तू वाच ना. मी कधी नाही म्हटलंय?"

बाईंनी नुसता हात पुढं केला. "शब्द द्या."

फिटरांनी त्या हातावर आपला हात ठेवला. पण ठेवताना हसले, आजारी माणसाच्या हट्टाला हसावं तसे. पुढं त्या हसण्याची त्यांना फार टोचणी लागून राहिली.

बाळ आलं ते वेळेआधी. मुलगी. मुठीएवढं डोकं आणि काड्यांसारखी बोटं. दवाखान्यात तिला काचेच्या पेटीत ठेवलं आणि लेक त्या काचेला डोळे लावून बसून राहिली. फिटर रोज डबा घेऊन जायचे. काचेपलीकडं ते इवलंसं पोट वरखाली होताना बघून यायचे, आणि घरी आल्यावर बाईंच्या फोटोसमोर जरा वेळ उभे राहायचे. काय बोलायचे ते देव जाणे.

एक दिवस लेकीचा फोन आला. "बाबा, उद्या सोडणार म्हणतायत. सीट तेवढी बसवून घ्याल?"

फिटरांनी माळ्यावरून खोकं खाली काढलं. बाईंनी मागवलेलं, वरची पट्टीसुद्धा तशीच होती. अंगणात गाडीशेजारी खोकं ठेवून त्यांनी ते उघडलं. आत सीट, आणि प्लास्टिकच्या पिशवीत पुस्तिका. पिशवीसकट पुस्तिका उचलून त्यांनी मागं न बघता डावीकडं धरली.

कुणी घेतली नाही.

हात तसाच अधांतरी राहिला. मग त्यांच्या ध्यानात आलं. ते उठले, स्वयंपाकघरात गेले, आणि बाई सगळ्या पुस्तिका ज्या खणात ठेवायच्या त्या खणात ती ठेवून आले. पुस्तिकेची जागा तीच. परत येऊन गाडीच्या मागच्या दारापाशी गुडघ्यावर बसले. म्हटलं, बघू तर जरा हात लावून.

आणि आवाज आला.

"'आसन मागील सीटच्या मध्यभागी ठेवावे.' ठेवा. अहो, मध्यभागी म्हणजे मध्यभागी, डावीकडं कुठं निघालात?"

फिटरांचे हात थबकले. अंगणात कुणी नव्हतं. पण सूर तोच, अक्षर न् अक्षर सुटं. मागं मुलाची मुलगी सुट्टीला यायची तेव्हा तिच्यासाठी अशीच एक सीट आणली होती. ती याच अंगणात बसवली होती, आणि बाईंनी स्टुलावर बसून सगळं वाचून दाखवलं होतं. तेच आता ओळीनं येत होतं.

"'पट्टा पाठीमागील फटीतून ओवून घ्यावा.' सुईत दोरा ओवतात तसा. हां. 'गुडघ्याने आसनावर भार देऊन पट्टा ओढावा.' अहो, भार द्या म्हटलंय, सूड घ्या नाही म्हटलं! कळलं? आता करा."

फिटर एकटेच हसले. बाई गेल्यापासून हा आवाज इतका लख्ख कधी आलाच नव्हता. स्वप्नातसुद्धा नाही; स्वप्नात बाई यायच्या त्या मुक्या. ते मुद्दाम सावकाश काम करू लागले. बक्कल बसल्याचा खटका झाला, तसा आवाज थांबला. फिटरांनी जरा वाट पाहिली. मग बक्कल सोडलं, पट्टा काढला, आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करायला घेतलं. ते निव्वळ ऐकण्यासाठी.

सीट अशी घट्ट बसली की हलेना. सकाळी लेकीनं फोनवर विचारलं, "बाबा, पुस्तिका वाचून बसवलीत ना?"

"हो गं, अगदी शब्द न् शब्द," फिटर म्हणाले. आणि आपण खोटं बोलतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही.

दवाखान्याच्या दारापाशी सिस्टर बरोबर आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, बोलायला फटकळ. मागं लेक, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ छातीशी धरून, उन्हाला डोळे बारीक करत.

"मी गाडी बघितल्याशिवाय इथून एकही बाळ जात नाही," सिस्टर म्हणाल्या. "राजाचं असलं तरी."

"बघा की," फिटरांनी ऐटीत दार उघडलं.

सिस्टरनी आत वाकून पाहिलं. सीट धरून हलवली. मग सरळ उभ्या राहिल्या. "आजोबा, ही कुणासाठी बसवलीय? शाळेला जाणाऱ्या पोरासाठी?"

"का हो? घट्ट आहे की."

"घट्ट आहे, पण उलटी आहे. हिचं तोंड मागं पाहिजे, गाडीच्या पाठीकडं. अजून मान धरत नाही ती. तुम्ही नुसता ब्रेक दाबलात, तरी डोकं पुढं फेकलं जाईल. मोठ्या मुलाला सोसतं, हिला नाही सोसायचं."

"मला वाटलं, रस्ता दिसला तर तिला..."

"रस्ता बघायला अख्खा जन्म पडलाय तिला. आणि पट्टाही चुकीच्या फटीतून घेतलाय. तान्ह्या बाळाची फट वेगळी, मोठ्याची वेगळी. सगळं लिहिलेलं असतं त्यात. पुस्तिका वाचली नाहीत का?"

लेक पुढं झाली. तिचा चेहरा उतरला होता. "बाबा, मी सकाळी विचारलं होतं. हो म्हणालात तुम्ही."

"वाचली ना," फिटर म्हणाले. "तुझ्या आईनं वाचली."

ते बोलून गेले आणि मग त्यांना ते ऐकू आलं. सिस्टर दुसरीकडं बघू लागल्या. लेक एक पाऊल जवळ आली.

"आईनं कधी वाचली, बाबा?" ती अगदी हळू म्हणाली.

फिटर गाडीचं दार पुसू लागले. दार स्वच्छच होतं.

"ही आत्ता कुठं काचेतून बाहेर आलीय," लेक म्हणाली. "इतके दिवस मी नुसती तिचा श्वास बघत बसले होते. आणि आता तुम्ही... नको, राहू दे. मी ह्यांच्या मित्राला फोन करते. तो येऊन बसवून देईल."

फिटरांचे दोन्ही हात खाली लोंबत राहिले. या हातांनी विहिरीतून पंप काढले होते, जळक्या मोटारी पुन्हा फिरवल्या होत्या. लोक लांबून बोलवायला यायचे. या हातांना आजवर कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि म्हटलं ते पोटच्या लेकीनं. आणि ती चुकत नव्हती, हे त्यांना दिसत होतं. म्हणून तर जास्त लागलं.

"पोरी, मी तुझ्या आईला शब्द दिलाय," ते म्हणाले.

"कसला?"

"वाचूनच बसवीन, आणि तुम्हा दोघींना मीच घरी आणीन."

"मग का नाही वाचलीत?"

"मला वाटलं, ती वाचतेय." त्यांनी मान खाली घातली. "खरंच ऐकू येत होतं गं."

लेकीनं बाळाला उगाचच जरा वर घेतलं, दुपट्याची कड नीट केली. तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळ ओघळलं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. सिस्टरनी खिशातून रुमाल काढून तिचे गाल टिपले, घरच्या माणसासारखे.

"माझी पाळी संध्याकाळपर्यंत आहे," सिस्टर फिटरांना म्हणाल्या. आवाजातला फटकळपणा गेला होता. "या दोघी आत बसतील. तोवर आलात तर आज, नाहीतर उद्या. बाळ कुठं पळून जात नाही."

"बाबा," लेक म्हणाली, "मी थांबते. फोन नाही करत कुणाला. पण या वेळी तुम्ही वाचा. तुम्ही स्वतः."

फिटरांनी मान हलवली.

घरी येऊन त्यांनी खण उघडला. कापडाच्या घडीवर पुस्तिका एकावर एक रचलेल्या होत्या. मिक्सरची, पंख्याची, कधीच मोडीत गेलेल्या शिलाई यंत्राची. थोरल्या नातीच्या जुन्या सीटचीही होती. ती त्यांनी चाळली. प्रत्येक परिच्छेदापुढं बाईंची पेन्सिलीची बारीक खूण होती, झालं म्हणून. चित्रातलं मूल चांगलं मोठं, पाय खाली सोडून समोर बघत बसलेलं. फिटरांनी ती पुस्तिका होती तिथं ठेवली आणि नवी उचलली. उचलता उचलता थांबले. आपल्या हातांकडं पाहिलं.

मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले. साबणानं, मग घासणीनं, मग पुन्हा साबणानं. नखांच्या कडा, अंगठ्यावरच्या रेघा. सेवेतून सुटून कितीतरी वर्षं झाली, तरी त्या रेघांत काळं होतंच. जितकं निघालं तितकं काढलं. बाई पोथीला हात लावायच्या आधी असंच धुवायच्या, हे त्यांना आठवलं.

मग स्टूल ओढून दारात ठेवलं आणि त्यावर बसले. या स्टुलावर ते कधी बसलेच नव्हते. इथून अंगण दिसत होतं, गाडीचं उघडं दार दिसत होतं, आणि त्या दाराशी गुडघे टेकायची जागा. इतकी वर्षं बाईंना इथून काय दिसलं असेल? एक वाकलेली पाठ. आधी काळे केस, मग पांढरे, मग टक्कल. त्या पाठीकडं बघत त्या वाचत राहिल्या होत्या. आता ती जागा रिकामी होती आणि बघणारं माणूसच बदललं होतं.

त्यांनी चष्मा लावला. आपली भाषा सापडायला वेळ लागला. मग मोठ्यानं वाचू लागले.

"'सदर आसन...'"

सदर म्हणे, कोर्टात बोलावल्यासारखं! कानात बाई हसल्या. फिटरही हसले आणि पुढं गेले.

"'सदर आसन तान्ह्या बाळासाठी वापरताना बाळाचे तोंड वाहनाच्या मागील बाजूस असावे. त्यासाठी निळ्या खुणेची खालील फट वापरावी.'"

ते थांबले. बाईंचा आवाज आला नाही. त्यांनी तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा हळू, बाईंना सोबत यायला सवड मिळावी म्हणून. नाही आला.

येणार कुठून? बाईंनी हे वाचलंच नव्हतं. ही पुस्तिका पिशवीतून निघाली तीच आज. काल अंगणात जे ऐकू आलं ते कधीच्या जुन्या दिवसाचं, दुसऱ्या सीटचं. बाई आजचं काही सांगत नव्हत्या, फिटरच जुनं ऐकत होते. या घरात आता अशी एक वस्तू आली होती जी बाईंना ठाऊक नव्हती. अशाच येत राहणार होत्या. बाळ रांगेल, चालेल, त्याची सायकल येईल, आणि तिच्या पुस्तिकेतलं एक अक्षरही बाईंच्या तोंडून येणार नाही.

तेव्हा कुठं फिटरांना बाई गेल्याचं कळलं. लोक जमले तेव्हा, फोटोला चौकट केली तेव्हा, कपाट रिकामं केलं तेव्हा जे रडू आलं नव्हतं, ते त्या स्टुलावर आलं. खांदे हलेपर्यंत आलं. डोळे पुसायचे तर हात ओले होतील, पान भिजेल. म्हणून त्यांनी ते दंडाला पुसले, आधी एका, मग दुसऱ्या. आणि घसा खाकरून पुन्हा वाचायला घेतलं.

सगळं वाचलं. खांद्याचे पट्टे कुठून घ्यायचे ते, सीटचा कल दाखवणाऱ्या, तिच्या कुशीतल्या नळीतला बुडबुडा दोन रेघांच्या मध्ये कसा आणायचा ते. 'प्रवासात बाळाचा चेहरा दिसणार नाही. चालकाने वारंवार मागे वळून पाहू नये,' हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. शेवटी डाग पडल्यास ओल्या फडक्याने पुसावे, आणि कारखान्याचा पत्ता. "पत्ता कशाला वाचतेस?" असं ते दरवेळी विचारायचे. "लिहिलाय ना बिचाऱ्यांनी कष्टानं," बाई म्हणायच्या. "कुणीतरी वाचायला नको?" फिटरांनी पत्ताही वाचला, गल्ली आणि गावासकट.

मग अंगणात गेले. पट्टा सोडून सीट काढली, फिरवली, गाडीच्या पाठीकडं तोंड करून ठेवली. पुस्तिका मागच्या काचेपाशी टेकवून उभी केली. एक वाक्य वाचायचं, फडक्याला हात पुसायचा, तेवढंच करायचं, मग पुढचं वाक्य. दुप्पट वेळ लागत होता. एक परिच्छेद संपला की त्यांचा हात आपोआप थांबायचा, कुणीतरी आता करा म्हणावं म्हणून. कुणी म्हणत नव्हतं. तरी ते जरा थांबायचे, आणि मगच करायचे.

निळ्या खुणेच्या फटीतून पट्टा घेतला. गुडघ्यानं भार दिला. बुडबुडा एका रेघेला अडून बसला होता. सीटखालचा खटका सरकवल्यावर तो हळूच मध्ये आला आणि स्थिर झाला. पट्ट्यापाशी दोन्ही हातांनी धरून त्यांनी सीट डावीउजवीकडं ओढून पाहिली. हलली नाही. घरात जाऊन त्यांनी बाईंच्या डब्यातली पेन्सिल आणली आणि प्रत्येक परिच्छेदापुढं एकेक बारीक खूण केली. त्यांच्या खुणा जाड आणि वाकड्या आल्या. एका पानावर कडेला अंगठाही उमटला, पुसट.

ऊन कलतं झालं होतं. सिस्टरांची पाळी संपायच्या आत पोचायला हवं होतं. फिटरांनी पुस्तिका धुतलेल्या रुमालात गुंडाळून आपल्या शेजारच्या सीटवर ठेवली, जिथं बाई बसायच्या तिथं. दार हलक्या हातानं लावलं, जणू आत कुणी झोपलंय. गाडी सुरू केली.

फाटकातून बाहेर वळताना आरशात मागं नजर गेली. सीटची नुसती पाठ दिसत होती. आत काय आहे, काय नाही, काही दिसत नव्हतं. असंच दिसायला हवं होतं. तसं लिहिलं होतं.

त्यांनी नजर पुढं घेतली आणि गाडी सावकाश दवाखान्याच्या रस्त्याला लावली.